विमलताई, गणिताचा पेपर आणि पांढरी साडी

विमलताई, आयुष्यभर तुला ‘तुम्ही’ म्हटलं. आता ‘तू’ म्हणणार आहे. कान धरायला येणार असलीस तर ये. मी इथेच बसले आहे, खिडकीपाशी, चष्मा पुसत.

परवा तुला निरोप देऊन आलो. विकासनगरचं तुझं घर माणसांनी इतकं भरलं होतं की तुझ्या उज्जूला स्वतःच्या आईपर्यंत पोचायला ‘ज़रा रास्ता दीजिए’ म्हणावं लागत होतं. तुझ्या शाळेतल्या पोरी आल्या होत्या. पोरी कसल्या, गुडघे धरून जिना चढणाऱ्या आज्या! चिनहटहून बायका आल्या होत्या, टेम्पो भरभरून. आत भंतेजी पंचशील म्हणत होते आणि बाहेर पेरूच्या झाडाखाली दोन बायका चक्क भांडत होत्या, तू जास्त कुणाची होतीस म्हणून.

“हमको सबसे ज़्यादा मानती थीं।”

“अरे जाओ! हमारी बिटिया का नाम तक उन्हीं का रखा हुआ है।”

मला वाटलं, मध्ये पडून सांगावं, बायांनो, तुमच्या दोघींच्याही आधीची मी इथे उभी आहे. पण मी गप्प बसले. मी, ताई! गप्प! तू गेल्यावर लखनौत काय काय आक्रीत होऊन राहिलं ते बघ.

आपल्या मंडळाचा सेक्रेटरी येऊन गेला. “आंटी, स्मरणिकेसाठी दोन पानं द्या. जन्म, शिक्षण, नोकरी, समाजसेवा, सब आ जाना चाहिए।” मी म्हटलं, बाळा, ते तू लिही, तुला छान जमेल. मला तिच्याशी बोलायचं आहे आणि दोन पानांत माझं ‘कशी आहेस’सुद्धा होत नाही. तो हसून चहा पिऊन गेला. मग मी हे लिहायला घेतलं.

तुला पहिल्यांदा भेटलेली मी आठवते का तुला? मला आठवते, आणि आज इतक्या दुःखातही हसू येतं. सत्तरचं दशक नुकतं लागलेलं. नागपूरहून नवी नवरी म्हणून मी लखनौच्या महानगर मोहल्ल्यात उतरले. आमचे हे रेल्वेच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन. तिथल्या कपूरथला चौकातल्या बाजाराजवळ वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मी म्हणजे दोन वेण्या, डोळ्यांवर काळा गॉगल आणि डोक्यात एकच हवा की आपण लखनौवर उपकार करायला आलो आहोत. मॅट्रिकला गणितात दोनदा गचकले होते, आणि ते लपवणं तर सोडाच, मी ते मिरवत असे. नाजूक मनाच्या मुलींना गणित येतच नाही, असा माझा शोध होता. आरशासमोर उभी राहून मी नाजूक दिसायचा प्रयत्नही करीत असे. वजन तेव्हाही साठ किलोच्या आसपास होतं, ते सोडून दे.

तर दुसऱ्याच दिवशी खाली सब्जीवाला आला आणि मी गॅलरीतून ओरडले, “ए भैया, टमाटर क्या भाव देके रहा तू?”

बिचारा म्हातारा माणूस. त्याने पगडी सावरली, वर पाहिलं आणि इतक्या दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “बिटिया, हम आपके वालिद की उमर के हैं।” आणि गाडी ढकलत पुढे गेला. टमाटर राहिले, मी तशीच उभी.

तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून एकच शब्द आला. “नागपूर?”

वळून पाहते तर तू. पोपटी साडी, कानांत मोठ्या रिंगा, हातात खडूची पांढरी धूळ आणि एका काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. मी विचारलं, “तुम्ही कसं ओळखलं?”

“भाजीवाल्याच्या चेहऱ्यावरून,” तू म्हणालीस. “जयभीम. मी विमल. वर्ध्याची. इथे मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे आपल्या शाळेतच, गणित शिकवते.”

गणित! एवढ्या मोठ्या शहरात मला शेजारीण मिळाली ती गणिताची! त्या दिवशी मी यांना सांगितलं, आपण घर बदलू.

घर बदललं नाही. उलट महिन्याभरात माझा मुक्काम तुझ्याच चटईवर. तुझ्या घरी तू आणि उज्जू दोघीच. उज्जू दहावीला, म्हणजे इथल्या भाषेत हायस्कूलला. तुझे ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, तू ते एकदाच सांगितलंस, डाळ घोटता घोटता, आणि पुढे म्हणालीस, “मीठ बघ गं जरा.” मी मीठ बघितलं. त्यापुढे मी तुला कधी काही विचारलं नाही. नाजूक मनाची ना मी!

तू उज्जूशी मराठीत बोलायचीस, ती तुला हिंदीत उत्तर द्यायची, आणि तुमचं दोघींचं सुरेख जमायचं. मला मात्र राग यायचा. मी म्हणायचे, “ताई, पोरीला मराठी यायला पाहिजे. दरडावा तिला.” तू म्हणायचीस, “ती बोलून राहिली ना माझ्याशी? मग बोलू दे. दरडावलं की दोन्ही भाषा बंद होतील.” हा वाद तुझ्यामाझ्यात शेवटपर्यंत मिटला नाही. आता माझी नात मला ‘आजी, यार’ म्हणते आणि मी ‘हाँ बोल’ म्हणते, तेव्हा तू कुठून तरी बघतेस असं वाटतं आणि मी उगाच मान वळवते.

एके दिवशी तू जाहीर केलंस, “इंदू, तू उज्जूबरोबर परीक्षेला बसणार. प्राइवेट.”

मी हसले. तू हसली नाहीस.

“बरं,” मी म्हटलं, “बसते. पण इथे मुलींना गणिताऐवजी गृहविज्ञान घेता येतं म्हणे. मी ते घेते.”

“घरी दिवसभर काय करतेस?”

“स्वैपाक, धुणं, शिवण.”

“मग ते तुला येतंच आहे. येतं त्याची परीक्षा कशाला द्यायची? गणित घे.”

“ताई, मला गणित येत नाही!”

“म्हणूनच तर.”

असा तुझा न्याय. त्यावर अपील नव्हतं.

आणि तुझी शिकवण्याची तऱ्हा! दुसरी कुणी बाई असती तर घोकून घेतलं असतं. तू शनिवारी मला जे शिकवायचीस ते रविवारी मी चिनहटला जाऊन शिकवायचं, हा तुझा नियम. तिथे कुंभारांच्या वस्तीत, भट्टीच्या मागच्या अंगणात तुझा बायकांचा वर्ग भरायचा. तू वर्षानुवर्षं फैजाबाद रोडने टेम्पोत कोंबून जात होतीस, पाटी-पेन्सिलींची पिशवी मांडीवर घेऊन. आता मलाही कोंबलंस. शनिवारी कळलेला शेकडेवारीचा हिशेब रविवारी मी उभी राहून हिंदीत सांगतेय, तीही माझी नागपुरी हिंदी! बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यातली शांती नावाची एक तर माझी पाठच सोडत नसे. “बहिनजी, पिछले इतवार तो आप उलटा बताए रहीं!” सगळ्या खो खो. मी तुझ्याकडे बघायचे, की आता तू सांभाळशील. तू भिंतीला टेकून शेंगदाणे सोलत असायचीस. “सांग ना,” म्हणायचीस, “मागच्या रविवारी चुकलीस म्हणून सांग. त्यांनाही बरं वाटेल.”

मग मी सांगायचे. एकदा चारचौघींत चूक कबूल केली की ती पुन्हा होत नाही, हे मला भट्टीमागच्या त्या अंगणात कळलं. नाजूक मन कुठे पळालं ते मात्र कळलं नाही. गॉगलही त्याच अंगणात एका पोरीने मागितला म्हणून देऊन आले.

सगळं नीट चाललं होतं आणि मला दिवस गेले.

परीक्षा मार्चअखेर आणि माझा आठवा महिना तेव्हाच. नागपूरहून सासूबाई स्वतः आल्या, मला घेऊन जायला. पहिलं बाळंतपण. गेले असते तर हीसुद्धा परीक्षा गेली असती, आणि मी स्वतःला ओळखते ताई, पदरात मूल घेऊन मी पुन्हा बसले नसते. जन्मभर दोनदा नापास झालेली नाजूक मनाची बाई म्हणूनच मिरवलं असतं. हे तुला माझ्याआधी समजलं होतं. तू आमच्या खोलीत आलीस, सासूबाईंच्या पाया पडलीस आणि सरळ समोर बसलीस.

“आत्याबाई, इंदूला राहू द्या.”

“काऊन?” सासूबाई म्हणाल्या. “लेकरू का परीक्षेसाठी थांबून राहीन?”

“लेकरू थांबणार नाही. परीक्षाही थांबत नाही. म्हणून दोन्ही इथंच करू.”

“पह्यलं बाळंतपण परमुलखात? अन् करीन कोन?”

“मी करते.”

“तू? तू त मास्तरीन आहेस.”

“मास्तरीण आहे म्हणून काय झालं? उज्जूच्या वेळी सुईण यायच्या आत पाणी मी तापवलं होतं. स्वतःच्या बाळंतपणाचं.”

सासूबाई उठल्या. मग पेटी उघडली आणि डिंक, खारका, मेथ्या बाहेर काढायला लागल्या. “मंग मी बी इथंच राह्यतो,” म्हणाल्या. “तुमच्या दोघीयच्या भरवशावर नाई सोडत मी माह्या नातवाले.” त्या राहिल्या. मी चटईवर समीकरणं सोडवत असताना त्या शेजारी डिंक तळत. आजही वर्गसमीकरण दिसलं की मला तुपाचा वास येतो.

पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळी तू माझ्यासाठी साडी घेऊन आलीस. तुझी स्वतःची, पांढरी शुभ्र, निळ्या बारीक काठाची. “शुभ कामाला जातेस. ही नेस.” आपल्याकडे लग्नात नवरी पांढरं नेसते, विहारात आपण पांढरं नेसतो, मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. उलट सुती होती, पोटावर सैल बसली. हात सुजले होते म्हणून बांगड्या आधीच काढून ठेवल्या होत्या. कुंकू तर आपण लावतच नव्हतो. मंगळसूत्र पदराच्या आत. बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, सासूबाईंनी हातावर साखर ठेवली, आणि मी रिक्षाने दूरच्या एका शाळेत निघाले, तिथे माझं सेंटर होतं.

आता लखनौच्या डोळ्यांनी मला बघ! वय कोवळं, पोट एवढं पुढे, अंगावर पांढरी साडी, हात रिकामे, भांगात सिंदूर नाही.

फाटकावरचा दरवान उठून उभा राहिला. “आइए बिटिया, सँभल के।” वर्गात गेले तर सगळ्या पोरी एकदम चूप. वर्गावरच्या बाई, चांगल्या जाडजूड, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, धावत आल्या. माझा हात धरला. स्वतःची खुर्ची पंख्याखाली ओढून दिली, सुराहीतलं पाणी दिलं. “हिम्मत रखो बेटी. भगवान सब देख रहा है।” मला वाटलं, किती कनवाळू शहर आहे! आज तर हिंदीचा पेपर, तरी यांना माझ्या गणिताची इतकी काळजी! मी म्हटलं, “जी, हिम्मत तो है, थोड़ा डर लगता।” त्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

पेपर सुटला. मी डुलत डुलत फाटकापाशी आले, तर समोर आमचे हे, सायकलला डबा अडकवून, हातात सोललेलं संत्रं. एक एक फोड माझ्या हातावर ठेवताहेत, मी खातेय, बिया थुंकतेय आणि हसतेय. तेवढ्यात मागून त्या बाई आल्या. जागच्या जागी थबकल्या.

“ये... ये कौन हैं?”

“मेरे मिस्टर,” मी म्हटलं. “संतरा लेंगे आप?”

त्यांचा चेहरा, ताई! आधी पांढरा, मग लाल. “तो फिर ये क्या स्वाँग है?” असं म्हणून तरातरा निघून गेल्या. मला काहीच कळेना. यांनाही कळेना. आम्ही दोघं संत्रं खात घरी आलो.

संध्याकाळी तुला सांगितलं. तू ऐकलंस आणि अशी हसायला लागलीस की भिंतीला धरून खाली बसलीस. उज्जू हसतेय, सासूबाई हसताहेत. “म्हंजे जित्या पोराले मारून टाकलं का त्यायनं!” मीही हसले, उशिरा, पण हसले. आणि मग तू सरळ बसलीस. डोळे पुसलेस, ते हसण्याचं पाणी होतं की कसलं, कोण जाणे. आणि म्हणालीस, “मला मात्र कुणी कधी पंख्याखाली खुर्ची दिली नाही गं. मी रंग सोडले नाहीत ना. बायका विचारतात, साहब कहाँ पोस्टेड हैं? मी म्हणते, नहीं रहे. आणि त्या माझ्या साडीकडे बघतात.”

मी काय केलं माहीत आहे? मी म्हटलं, “चहा ठेवू का?”

तुझ्याजवळ बसायला हवं होतं. हात तरी धरायला हवा होता. चहा ठेवला, साखर दुप्पट घातली आणि तू तो संपवलास. विमलताई, त्या वेळी जे बोलले नाही ते आज बोलावं तर तेही जमत नाही. एवढंच सांगते, तुझ्या त्या पोपटी साडीएवढी शूर साडी मी आणखी कुणाच्या अंगावर पाहिली नाही.

गणिताच्या दिवशी मी पेटीतून लाल साडी काढली. तू ती माझ्या हातातून घेतलीस आणि परत पेटीत ठेवलीस.

“पांढरीच नेस.”

“ताई, पुन्हा तमाशा होईल!”

“होऊ दे. त्यांना सवय तरी होईल.”

आणि कॉलेजातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन तू स्वतः माझ्याबरोबर निघालीस. मोरपंखी साडी, जांभळे काठ, हातभर बांगड्या, कानांत त्याच रिंगा. रिक्षावाला मागे वळून वळून बघत होता. एकीकडे मोर, एकीकडे बगळा. वर्गाच्या दारात त्याच बाई उभ्या. मला पाहून त्यांनी मान फिरवली. तू माझा दंड धरून सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिलीस. तुझा आवाज शाळेतला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

“नमस्ते बहनजी. मैं विधवा हूँ. ये सुहागन है। हमारे यहाँ शादी में भी सफ़ेद पहनते हैं। अब आप पर्चा बाँटिए, बच्ची का गणित है।”

सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता. त्या बाई तुझ्याकडे बघत राहिल्या. बांगड्यांकडे, रिंगांकडे, जांभळ्या काठांकडे. मला वाटलं, आता आपल्या दोघींना बाहेर काढतात. त्या वळल्या, पंख्याखालची खुर्ची उचलली आणि तुझ्यासमोर आणून ठेवली.

“बैठिए,” म्हणाल्या. “आप बैठिए।”

तू क्षणभर त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिलीस. मी तुला इतकी वर्षं पाहिलं, पण तसा चेहरा पुन्हा पाहिला नाही. मग म्हणालीस, “शुक्रिया. इसे दीजिए, पेट से है।” आणि माझ्या कानात कुजबुजलीस, “आधी सोपी गणितं कर. रडू नकोस, पेपर भिजतो.” तूच रडत होतीस गं!

त्या पेपरात मला चौतीस गुण पडले. पास व्हायला तेहतीस लागत. गुणपत्रिका हातात आल्यापासून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणायचीस, “त्यातला वरचा एक पंख्याच्या वाऱ्याचा.” मी म्हणायचे, “चौतीसच्या चौतीस माझे.” गेल्या दिवाळीत तुला बोलायला दम लागत होता, तरी नातजावयाशी माझी ओळख करून देताना म्हणालीस, “ही इंदू. तेहतीस हिचे, एक पंख्याचा.” पुढे मी इंटर झाले, बी.ए. झाले, सगळं प्राइवेट. तुझी इच्छा होती मी शिक्षिका व्हावं. मी एका सरकारी ग्रंथालयात चिकटले आणि तिथेच निवृत्त झाले. तुला ते कधी पटलं नाही. मी तुझ्या मनात कायम अर्धी राहिलेली मास्तरीण. पण तेवीस वर्षं माझा पगार माझ्या नावावर आला ताई, आणि दर महिन्याला सही करताना मी नाव पूर्ण लिहीत असे, एकही अक्षर न तोडता.

आता निकालाचा दिवस सांगते, तू असतीस तर मला सांगू दिला नसतास.

जूनचा महिना. बाळ झालं होतं, तुझ्याच हातावर, कबूल केल्याप्रमाणे. निकाल तेव्हा वर्तमानपत्रात यायचे, नुसते नंबर, मुंग्यांसारखे. माझा नंबर, उज्जूचा नंबर, दोन्ही तुला पाठ. तू उजाडताच कपूरथल्याच्या चौकात जाऊन उभी राहिलीस. मी इकडे बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होते आणि माझं सगळं लक्ष रस्त्याकडे होतं. सासूबाई म्हणाल्या, “लेकरू पाडशीन!” तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. आधी मला कळलंच नाही तो तुझा आहे. तू कधी ओरडत नव्हतीस.

“इंदू! ए इंदे! पास! पास झालीस गं!”

गॅलरीतून पाहते तर तू पळत येतेस. गणिताच्या बाई! केस सुटलेले, पदर एका खांद्यावरून लोंबतोय, पेपर झेंड्यासारखा वर धरलेला आणि पाय अनवाणी. चपला चौकातल्या गर्दीत कुठे राहिल्या तुला पत्ता नव्हता. अख्खं महानगर दारात. जिना चढून आलीस, ओल्या बाळासकट मला मिठी मारलीस. साबणाने तुझी साडी भिजली. सासूबाई रडताहेत, हे टाळ्या वाजवताहेत, बाळ भोकाड पसरतंय. तू नुसती म्हणतेस, “पाहिला नं मी! दोनदा पाहिला! बोट ठेवून पाहिला!”

आणि सासूबाईंनी विचारलं, “अन् उज्जूचं?”

तुझा चेहरा पांढराफटक पडला.

“अगं बाई,” तू म्हणालीस. “तिचा पाहिलाच नाही.”

दारात उज्जू उभी होती. तुझ्या मागोमाग धावत आलेली, वेण्या अर्ध्या घातलेल्या. म्हणाली, “मम्मी, फुरसत हो तो मेरा भी देख लो।”

तू पेपर उलगडलास तो उलटा. शेवटी यांनी शोधला. फर्स्ट डिव्हिजन! तू पोरीला ओढून कुशीत घेतलंस आणि ती हसत होती आणि मला वाटलं, ती हसतेय म्हणजे सगळं ठीक आहे.

परवा रात्री, सगळे गेल्यावर, मी आणि उज्जू तुझ्या खोलीत बसलो होतो. ती आता साठीची बाई. मी म्हटलं, “उज्जू, त्या दिवशी तुला वाईट वाटलं होतं का गं?” ती म्हणाली, “बहुत. दोपहर को छत पे जाके रोई थी मैं।” मग म्हणाली, तू तिच्यामागे गच्चीवर गेली होतीस. तापलेल्या गच्चीवर तिच्याशेजारी बसलीस आणि म्हणालीस, “तुझा नंबर असणार हे मला ठाऊक होतं. इंदूचं ठाऊक नव्हतं. म्हणून आधी तिचा पाहिला, आणि तो दिसल्यावर मला दुसरं काही दिसलंच नाही.” उज्जू मला म्हणाली, “मौसी, उसके बाद मैं ज़िंदगी में किसी इम्तिहान से नहीं डरी।”

मी ऐकलं आणि पहिल्यांदा काय वाटलं सांगू? राग आला! म्हणजे माझ्यावर तुझा भरवसाच नव्हता! वर्षभर चटईवर बसवलंस, चिनहटला उभं केलंस, सासूबाईंशी भांडलीस, भर वर्गात मोरासारखी उभी राहिलीस, आणि मनातून तुला वाटत होतं की ही पुन्हा गचकणार! उठून तुझ्याशी भांडायला तुझ्या पलंगाकडे वळलेसुद्धा. पलंग झटकून ठेवला होता, उशीसुद्धा नव्हती.

मग तिथेच काठावर बसले. माझ्यावर भरवसा असलेली माणसं मला पुष्कळ भेटली ताई. माझे वडील, हे, ग्रंथालयातले सगळे, माझी मुलं. देव त्यांचं भलं करो, असं म्हणायची आपल्यात पद्धत नाही, पण त्यांचं भलं होवो. भरवसा होता म्हणून ती सगळी निवांत घरी बसून होती. भरवसा नसताना, जूनच्या तापल्या डांबरावरून, अनवाणी माझ्यासाठी धावलेली तू एकटीच.